निम्म्याचं निम्मं

नेर, १० डिसेंबर २००६

प्रिय वैशू,

परवा तू उमरखेडला परत गेलीस. अतुलची खाट अजून हलवलेली नाही. उद्यापासून शाळेत जाते आहे. मुख्याध्यापक म्हणाले, आणखी आठ दिवस घ्या. मी नको म्हटलं. दहावीचा आनुवंशिकतेचा धडा राहिला आहे आणि तो दरवर्षी मीच शिकवते.

देवरावमामा आपण दोघींनीही पाहिला नाही. नऊ वर्षांचा असताना त्याचा दात पडला आणि तीन दिवस रक्त थांबलं नाही. आजीनं हळद दाबली, मग कापूस जाळून त्याची राख दाबली. चौथ्या दिवशी तो गेला. आईनं हे आपल्या लग्नांच्या वेळी कुणाला सांगितलं नाही. लपवलं असं नाही. दात पडून मेलेला भाऊ, यात सांगण्यासारखं काही आहे हे तिला कळलंच नव्हतं.

माझा सुमेध रांगायला लागला आणि त्याच्या गुडघ्यांवर निळे डाग उठू लागले. माझ्या सासूबाई शेजारच्या बायांना सांगायच्या, मास्तरीण पोराले चिमटे घेते. नागपूरच्या डॉक्टरांनी हिमोफिलिया हे नाव सांगितलं, तेव्हा मला एक क्षण बरं वाटलं. चिमटे घेत नव्हते हे सिद्ध झालं. मग डॉक्टरांनी समजावलं. दोष आईकडून येतो. आईला स्वतःला काही होत नाही, ती फक्त वाहक. तिच्या मुलांपैकी निम्म्यांना आजार, मुलींपैकी निम्म्या तिच्यासारख्या वाहक. घरी येऊन मी हे बाबांना सांगितलं. सुमेध त्यांच्या मांडीवर होता. बाबांनी ते पऱ्हाटीच्या हिशेबानं समजून घेतलं. सरकी टोबताना एका खड्ड्यात दोन दाणे टाकतात, एक बुडाला तर दुसरा उगवतो. आता बीटीचं बियाणं महाग झालं म्हणून सगळे एकच टाकतात, बाबा अजून दोनच टाकतात. ते म्हणाले, "एक बुडाला. आता दुसरा निंगतेच, बाई. तू कायले भेतं?" आणि मांडीवरच्या सुमेधच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

मी बी.एस्सी. झालेली. मला माहीत होतं की प्रत्येक वेळी खड्डा नवा असतो आणि दाणा एकच. तरी मी बाबांचं ऐकलं, कारण मला ते ऐकायचं होतं. अतुल झाला. नाळ कापली, रक्त थांबेना, तेव्हाच कळलं. पुढच्या वर्षी सुमेध उंबऱ्यावर पडला. डोक्याला बाहेरून खरचटलंही नव्हतं, रक्त आत साचलं आणि तो गेला.

अतुलचं तू पाहिलंस. नेरच्या आइसकांडीवाल्याकडून बर्फ आणायचा, गुडघ्याला बांधायचा, पहिली बस पकडून यवतमाळ, तिथून नागपूर. यंदा यवतमाळच्या दवाखान्यात फवारणीचं औषध प्यालेली माणसं इतकी होती की आम्ही दोघं व्हरांड्यात सतरंजीवर होतो. अतुल त्यांच्याकडे बघून म्हणाला, "आई, यायले मराचं हाय, तरी डॉक्टर यायलेच आधी पाह्यते." मी त्याला चूप बस म्हटलं.

आता २००३ सालाकडे येते. तुला तिसरा महिना होता. तू माझ्याकडे आलीस आणि विचारलंस, ताई, माझ्या पोराला होईल का? मी खडू घेतला आणि फरशीवर चौकट काढली. चार घरं. एक धड मुलगी, एक वाहक मुलगी, एक धड मुलगा, एक आजारी मुलगा. तुला म्हटलं, मुलगा झाला तर निम्मं. आठवड्यानं उमरखेडला पिशवी धुवून घेतलीस.

ती चौकट आईची होती, तुझी नव्हती. आई वाहक आहे हे नक्की, तिचा भाऊ तसा गेला आणि मी वाहक निघाले त्यावरून. तू वाहक असण्याची शक्यता निम्मी. असलीस तरच तुझ्या मुलाला धोका निम्मा. निम्म्याचं निम्मं, म्हणजे चार मुलांत एक. मुलगा की मुलगी हे माहीत नसताना आठ लेकरांत एक. सात धड. दहावीच्या पोरांना मी हे गणित दोन गुणांसाठी घालते. चुकून झालं असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. चुकून झालं नव्हतं. तू दारात उभी होतीस, पोटावर हात ठेवून, आणि आत अतुल गुडघा बांधून पडला होता. त्या वेळी माझ्या तोंडून सात हा आकडा निघेना.

मग नागपूरच्या शिबिरात आपल्या चौघांचं रक्त घेतलं, आईचं, तुझं, माझं, अतुलचं. ते मुंबईला तपासायला गेलं. तुझा नमुना वाटेत खराब झाला, असं मी तुला सांगितलं होतं.

या गुरुवारी अतुलच्या पुण्यानुमोदनाला वंदना झाल्यावर तू सगळ्या बायांसमोर माझे पाय धरलेस आणि म्हणालीस, "ताई, अतुलनं मले वाचवलं. तू सांगतलं नसतं तं मीनं बी असंच लेकरू जन्माले घातलं असतं." बाया रडल्या. मीही तुझ्या पाठीवरून हात फिरवला. मग तू सांगितलंस की येत्या बुधवारी तू कायमचं ऑपरेशन करून घेणार आहेस, डॉक्टर तयार नव्हते पण तुझ्या प्रफुल्लरावांनी त्यांना मनवलं. म्हणून हे पत्र. तुझा नमुना खराब झाला नव्हता. रिपोर्ट फेब्रुवारी २००४ मध्ये माझ्या शाळेच्या पत्त्यावर आला. तू वाहक नाहीस. तुझ्या कुठल्याच लेकराला हा आजार होणार नव्हता. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला होता, पुन्हा दिवस गेलेत म्हणून, आणि रिपोर्ट आला का म्हणून. कागद माझ्या हातात होता. पहिल्या वेळचं तुला सहन होणार नाही म्हणून गप्प राहिले, असं वाटून घेऊ नकोस. दोन पोरं माझ्या वाट्याला आली आणि तुझ्या वाट्याला काहीच नाही, हे मला सोसवलं नाही. दुसरंही तू पाडलंस. दोन वर्षं दहा महिने तो कागद माझ्या कपाटात होता, आता या लिफाफ्यात आहे. आज दुपारी यवतमाळला जाऊन उमरखेडच्या बसच्या कंडक्टरकडे लिफाफा देते, प्रफुल्लरावांना स्टँडवर यायला सांगते. फोनवर बोलले नाही, कारण तू रडली असतीस आणि मग मलाच समजावत बसली असतीस. बुधवारी जाऊ नकोस. आणि ते वाक्य पुन्हा कुणापाशी बोलू नकोस. अतुलनं तुला कशातूनच वाचवलं नाही, वैशू. तो नुसता मेला.

तुझीच म्हणवत नाही,
शीला