उजवं पुढचं चाक

२ जून, सोलापूर
पहाटे निघालो. चारी चाकांखाली लिंबं, कपाळाला विभूती. बायकोनं, काशम्मानं, कडक भाकऱ्या इतक्या बांधल्यात की हिमाचलात दुकान टाकता येईल! बत्तीस वर्षं लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या, स्वतःच्या गाडीनं डोंगर बघायचा राहिला होता.
गॅरेज पंधरा दिवस पुतण्याकडं, शरणबसवकडं. दिवाळीला कायमचंच त्याच्या नावावर करणार. सिद्धी लेक, आज ना उद्या सासरी जायची. तिला सांगितलं तर म्हणाली, 'बघू की.'

४ जून, इंदूरच्या पुढं
सिद्धी स्टिअरिंग मागते. दिलं नाही. सोलापुरात रोज संध्याकाळी दुरुस्त झालेली गाडी घेऊन विजापूर रोडला एक चक्कर मारतेच — हौस, दुसरं काय.
काशम्मा हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते. पुन्हा विचारलं की चिडते.

८ जून, रामपूर
घाट सुरू. तिघांच्याही कानांना दडे बसले! सिद्धी म्हणाली, जांभई द्या अप्पा. दिल्या. त्या दोघींचे सुटले, माझे नाहीत.

९ जून
सकाळी सिद्धी म्हणाली, उजव्या पुढच्या चाकातून घूं घूं येतंय, डाव्या वळणावर वाढतंय, बेअरिंग असणार. मला काहीच ऐकू येईना. गाडी कडेला घेतली, लांब स्क्रू ड्रायव्हर चालू इंजिनाला टेकवला, मूठ कानाला. माझी जुनी तऱ्हा! याच कानाच्या जोरावर रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडचं गॅरेज केलं. इंजिन लख्ख ऐकू आलं. ठणठणीत. म्हटलं, काही नाही, नदीचा आवाज आहे.
'अप्पा, खाली दरी हाय. चाक उघडून बघितल्याबिगर मी आईला पुढं नेऊ देणार न्हाई.'
माझ्याशी असं कधी बोलली नव्हती. मी काशम्माकडं बघितलं. ती उतरली आणि डबा मांडीवर घेऊन दगडावर बसली. निकाल लागला.

१० जून, रेकाँग पिओ
चाक उघडायला मिस्त्री इथंच मिळणार होता, म्हणून गाडी रांगत इथवर आणली. मिस्त्रीनं चाक काढलं — बेअरिंग जळून निळं! आम्हाला जायचं त्या काझापर्यंत टिकलं नसतं, म्हणाला. कोणी ओळखलं, विचारलं. मी बोट दाखवलं. मग पहिला चहा तिला दिला त्यानं. बरोबर केलं.
नवं बेअरिंग बसवून घेतलं. किल्ली सिद्धीकडं दिली.

११ जून
दिवसभर खिडकीत बसलो. केवढे डोंगर! चालवणाऱ्याला नुसता रस्ता दिसतो.

१८ जून, सोलापूर
परवा पोचलो. दडे अजून सुटले नाहीत म्हणून आज कानाच्या डॉक्टरकडं. सिद्धी बरोबर होती. डॉक्टर म्हणाले, डोंगराचा काही संबंध नाही. कानातलं हाड हळूहळू ताठत आलंय. स्क्रू ड्रायव्हरचं ऐकू येतं ते कवटीतून, म्हणून तुम्हाला पत्ता लागला नाही.
'कधीपासून कमी येतंय?' मला विचारलं.
'दोन वर्षं,' सिद्धी म्हणाली.

१९ जून
सिद्धीला विचारलं, संध्याकाळच्या चकरेत माझ्या चुकलेल्या गाड्या किती सापडल्या? 'मोजल्या न्हाईत, अप्पा. तुम्ही घरी गेल्यावर नीट करून ठेवत हुते.'
शरणबसवला बोलावून सांगितलं — दिवाळीपासून तू सिद्धीच्या हाताखाली.