बारलाहाचा उजवा हात

पूज्य एवलोगिओस मामांच्या चरणी, अंत्युखियाहून भाचा थेओतेक्नोस याचा दंडवत.

तुमची दृष्टी कशी आहे? मामींचा खोकला उतरला का? आम्ही प्रभुकृपेने धडधाकट आहोत; एकजण मात्र जेमतेम.

शास्त्रवचनाला वरचा अर्थ असतो तसा आतलाही असतो, ही तुम्हा अलेक्झांड्रियाकरांची शिकवण. मागच्या रविवारी मी व्यासपीठावरून तिच्यावर तुटून पडलो. देवाला नीट बोलता येत नव्हतं का? लिहिलंय तसंच वाचा, बाकी सगळी पळवाट! (टाळ्यांनी चर्च दणाणलं. इथे प्रवचनाला टाळ्या पडतात, आणि मला त्या आवडतात.) उदाहरण म्हणून वचन घेतलं: तुझा उजवा हात तुला पाप करायला लावत असेल, तर तो तोडून टाक.

समोर बारलाहा पाथरवट बसला होता. त्याच आठवड्यात त्याने रागाच्या भरात म्हाताऱ्या बापाला थोबाडीत मारली होती. दुसऱ्या दिवशी त्याची आई शमोनी धावत आली. "चला आधी! तुमच्या प्रवचनापायी माझा पोरगा थोटा होतोय!"

जाऊन पाहतो तर उजवा हात दगडावर, डाव्या हातात कुऱ्हाड. मी आमच्या पद्धतीने समजावू लागलो: वचन कोणी, कोणाला, कशासाठी सांगितलं ते बघ, मागचं-पुढचं वाच.

"वाचलं, बाबा. मागे डोळा काढायला सांगितलाय. आधी तो काढू?"

"अरे, ते तसं नव्हे!"

"मग रविवारी पळवाट कशाला म्हणालात?"

कोपऱ्यातून सुजल्या गालाचा बाप ओरडला, "मार मी खाल्ला, आणि हात याचा जाणार? मग मला भरवणार कोण, हे प्रवचनवाले बाबा?"

मामा, तेव्हा माझ्या तोंडून तुमचाच अर्थ निघाला: हात म्हणजे राग, तो मुळापासून तोड. बारलाहा म्हणाला, "हे भर चर्चमध्ये सांगा, मग कुऱ्हाड खाली ठेवतो." पेन्टेकॉस्टच्या सणापर्यंत मी मुदत मागून घेतली आहे. तोवर शमोनीने त्याचा हात स्वतःच्या कमरेला बांधून घेतला आहे. दोघं बाजारातही तसेच जातात.

शब्दाशी खेळणारा शेवटी माणसांशी खेळतो, हे मी आजही मानतो. पण त्या दगडासमोर मला तो माणूसच आधी दिसला.

आपला,
थेओतेक्नोस

ता. क. त्या वचनावरचं तुमचं विवेचन (ज्याला मी बिशपांसमोर कोळिष्टक म्हणालो होतो) पहिल्या जहाजाने पाठवा. वर तुमचं नाव नको.

पुन्हा ता. क. बातमी फुटली. हात म्हणजे हात नव्हे, हे ऐकून इथले श्रीमंत फार खूश आहेत. 'भुकेल्याला भाकर दे' यातल्या भाकरीचा आतला अर्थ काय, असं सकाळपासून तिघांनी विचारलं. दाराशी भुकेले बसले आहेत, मामा. भाकर म्हणजे भाकरच, एवढं वेगळ्या कागदावर लिहून पाठवा. त्यावर मात्र नाव तुमचंच हवं. माझं आता कोणी ऐकत नाही.