रिकामे केलेले वार

१४ सप्टेंबर १९८७, सोमवार

धुळ्याहून परत आलो. एस.टी.त शेवंताला खिडकीची जागा मिळाली, तिला तेवढंच समाधान. टाक्यांवर हात धरून बाहेर बघत होती. "कपाशी चांगली शे औंदा," म्हणाली. मी हो म्हणालो. मला कपाशी दिसत नव्हती.

डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. गाठ पसरली आहे, काढण्यासारखं काही राहिलेलं नाही. चार महिने, फार तर सहा. हे मला आणि भिकाला जिन्याखाली उभं करून सांगितलं. भिका शेवंताचा भाऊ, धरणगावहून आला होता. त्यानं माझं मनगट धरलं— "दाजी, अक्काले सांगू नका. बठ्ठा धीर सुटी जाई तिना."

आमच्यात कुणी सांगतच नाही. आईच्या वेळीही सांगितलं नव्हतं. मी शेवंताला म्हणालो, गाठ काढली, आता नुसता आराम. ती म्हणाली, "चला, बरं व्हयनं."

१५ सप्टेंबर, मंगळवार

विहार समितीची बैठक. गेलो! पाय आपोआप गेले. दोन तास खिडक्यांच्या रंगावर वाद. मीही भांडलो. घरी आलो तेव्हा शेवंता झोपली होती.

१७ सप्टेंबर, गुरुवार

ऑफिसात काम नव्हतं. माझ्याच आठवड्याचा हिशेब मांडला. सोमवारी संध्याकाळी ओट्यावर वस्तीतल्यांचे अर्ज लिहायचे— दाखले, शिधापत्रिका, कुणाचं पेन्शन अडलेलं. मंगळवारी विहार. बुधवारी कर्मचारी संघटना. गुरुवारी कुणाची तरी सोयरीक जुळवायला जायचं, कारण तोतारामभाऊंचा, म्हणजे माझा, शब्द दोन्हीकडचे मानतात म्हणे! शुक्रवारी प्रौढांचा वर्ग. शनिवार-रविवार मी बौद्धाचार्य— एरंडोलला लग्न लाव, असोद्याला जलदानविधी कर, मिळेल त्या गाडीनं जा, मिळेल ते खा.

चोवीस वर्षं असंच. मला ते आवडत होतं, हे इथे लिहायला हरकत नाही. माणसं उठून उभी राहतात, जयभीम भाऊ म्हणतात, छाती फुगते. शेवंतानं या चोवीस वर्षांत दागिना मागितला नाही. एक दिवस संध्याकाळी घरी बसा, एवढंच म्हणायची. मी म्हणायचो, समाजाचं काम आहे.

चार महिने म्हणजे सोळा-सतरा आठवडे.

२० सप्टेंबर, रविवार

असोद्याला जलदानविधी. म्हातारीचा होता, नातवंडं-पतवंडं बघून गेलेली. "अनित्य आहे" इथे आलो आणि पुढचं आठवेना. हजार वेळा म्हटलेले शब्द! लोकांना वाटलं भाऊंना भरून आलं, भाऊ किती मायाळू. पाणी प्यालो आणि उरलेलं उरकलं.

येताना ठरवलं. सगळं सोडायचं. एकेक वार मोकळा करायचा.

२३ सप्टेंबर, बुधवार

संघटनेचं चिटणीसपद सोडलं. कारण विचारलं तर तोंडातून निघून गेलं— ब्लडप्रेशर. डॉक्टरांनी दगदग करू नका सांगितलंय. सगळ्यांनी मान डोलावली. कारण इतकं चांगलं निघालं की घरीही तेच सांगितलं. शेवंता उठून बसली. "कवा दखाडं डॉक्टरले? माले कसं सांगं नही?" खरीच घाबरली. माझ्यासाठी!

२४ सप्टेंबर, गुरुवार

भाजीत मीठ नाही. वरणात नाही. ब्लडप्रेशरवाल्याला मीठ नको, असं शेजारच्या वच्छलाबाईंनी तिला सांगितलं. स्वतः उभी राहून केलं तिनं, भिंतीला टेकून टेकून. मुकाट्यानं खाल्लं.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. मिरवणुकीत पहिल्यांदाच नव्हतो. आम्ही दोघांनी दारात उभं राहून बघितली. निंबा पुढे झेंडा घेऊन होता. विहार समितीत इतकी वर्षं माझ्या हाताखाली होता, आता माझ्या जागी अध्यक्ष झालाय. माझ्याकडे बघून त्यानं झेंडा जरा जास्तच उंच केला.

१२ ऑक्टोबर, सोमवार

अर्जवाले अजून येतात. आज सात जण होते. दार लावून घेतलं, आतून सांगितलं— बरं नाही. एक बाई बराच वेळ बसून राहिली. नवरा वारलाय, कागद अडलेत. वच्छलाबाईंनी तिला समजावून पाठवलं. मी आत पलंगाशी स्टुलावर बसलो होतो. लाज वाटली. पण उठलो नाही.

निंबा विहारासमोर म्हणाला म्हणे, "पोटं भरली की समाज कोणाला आठवतो?" म्हणू दे.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

शेवटचा वार सुटला. पुढच्या महिन्यात असोद्याला एक लग्न लावायचं होतं, तेही दुसऱ्याला दिलं. आता सगळ्या संध्याकाळी माझ्या. आमच्या.

२० ऑक्टोबर, मंगळवार

खरं लिहितो. करमत नाही.

साडेपाचला ऑफिसातून येतो. चहा. मग दोघं बसतो. काय बोलायचं? चोवीस वर्षांत आम्ही कधी बसून बोललोच नाही, तर ते बोलणं आता कुठून आणायचं? ती विचारते, आज काय झालं. मी म्हणतो, काही नाही. रेडिओ लावतो. ती म्हणते, बंद करा. मग मी तिच्याकडे बघतो. गालाची हाडं वर आलीत. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. बघत राहतो आणि तिला ते कळतं, ती कूस बदलते.

बायको मरतेय आणि मला कंटाळा येतो! असा माणूस मी लोकांची लग्नं लावत हिंडत होतो.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

यशू आली होती शिरपूरहून, बाळाला घेऊन. आमची एकच मुलगी. तिलाही सांगितलेलं नाही, पण आईला बघून मोरीत जाऊन रडली. राहते म्हणाली. शेवंतानं ऐकलं नाही. "तान्हं लेकरू लिसन आजारी माणूसजोडे बठू नको." मी तरी तिला परत धाडायला नको होतं.

२८ ऑक्टोबर, बुधवार

पोटात दुखतं का विचारलं. नाही म्हणाली. काल विचारलं, परवा विचारलं. नाहीच म्हणते. दुखण्याच्या गोळ्या दिल्यात त्या लागू पडत असाव्यात.

अळणी जेवण चालूच.

३ नोव्हेंबर, मंगळवार

आज सगळं बाहेर आलं.

मी केळ्याचे तुकडे करून बशीत घेऊन बसलो होतो. तिला भरवत होतो. तिनं तोंड मिटलं. म्हणाली, "आते पुरे. तुम्ही घर बठनात तवयच माले समजनं."

काय समजलं? मी वेड पांघरलं.

"ज्या माणूसले मन्ही बाळंतपणमा टाईम नव्हता, तो रोज संध्याकाळले मन्ही उशीजोडे बठस. मंग काय समजाले पाहिजे?"

कुणी सांगितलं नाही तिला. भिकानं नाही, डॉक्टरांनी नाही. मी सांगितलं. एकेक वार सोडत गेलो आणि दर वेळी तिला सांगत गेलो! ब्लडप्रेशरही तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं— एकही गोळी घेत नाही हा माणूस. मग अळणी का केलं? तर म्हणे, तुम्ही खोटं बोलता आहात, तर तुम्हाला तुमचं खोटं सांभाळू दिलं. मी रडलो. तिच्यासमोर, लहान पोरासारखा. ती रडली नाही.

मग म्हणाली, "तुम्ही परत जात जा. विहारले जा, संघटनाले जा. आठे मन्हाकडे दखत बसू नका. तुम्ही बठतस तं माले मरण दिसस."

मी म्हणालो, जाणार नाही. तिनं हात जोडले. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

४ नोव्हेंबर, बुधवार

आज भाजीत मीठ होतं.

९ नोव्हेंबर, सोमवार

सहाला चहा घेऊन निघालो. आठला येतो म्हणालो. आणि जायचं कुठे? निंबासमोर उभं राहायची इच्छा नाही. संघटनेत दुसरा चिटणीस बसलाय. वस्तीत गेलो तर म्हणतील, बायको आजारी आणि हा हिंडतो. शेवटी एस.टी. स्टॅण्डवर गेलो आणि चोपड्याच्या फलाटावर बसलो. दोन तास गाड्या बघितल्या. एका कंडक्टरनं विचारलं, कुठे जायचंय भाऊ? म्हणालो, पाहुणे येणार आहेत.

आठला घरी. ती उशाला टेकून बसलेली, तोंड धुतलेलं, केस विंचरलेले. वच्छलाबाई संध्याकाळी सोबतीला येतात, त्या उठून गेल्या. "काय व्हयनं मिटिंगमा?" असं शेवंतानं विचारलं. निंबाची फजिती झाली म्हणून सांगितलं— बोलता बोलता धोतर खिळ्यात अडकलं. ती हसली!

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

रोज स्टॅण्ड. रोज एक गोष्ट रचून न्यायची. काल रंगाऱ्यानं विहाराचं दार बाहेरून रंगवलं, ते चिकटलं आणि आतला माणूस कोंडला गेला. परवा संघटनेत दोन साहेब खुर्चीवरून भांडले. गाड्या बघत बसतो आणि डोक्यात तेच जुळवत असतो. आता बोलायला आहे आमच्याकडे. जे घडलं नाही ते तिला सांगतो आणि ती ऐकते, जेवताना मान हलवते. हेच आधी का केलं नाही मी? घडलेलंही भरपूर होतं की.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

मी आलो की तिचा चेहरा टवटवीत असतो. आज वच्छलाबाईंना म्हणालोसुद्धा, दिवसापेक्षा संध्याकाळी बरी दिसते. त्या नुसत्या हूं म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या. डॉक्टर चुकले असतील का? चुकतात डॉक्टर. भिकाला पत्र टाकलं, जरा आराम वाटतो म्हणून.

६ डिसेंबर, रविवार

महापरिनिर्वाण दिन. तिच्या सांगण्यावरून विहारात गेलो, सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. निंबानं ओळखून पुढे बोलावलं आणि वंदना मलाच म्हणायला लावली. नंतर हळूच म्हणाला, "वहिनींचं दुखणं इतकं मोठं आहे हे आत्ताच कळलं, भाऊ. मी वाईट बोललो होतो." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याच्या धोतराची गोष्ट आठवून खजील झालो.

७ डिसेंबर, सोमवार

स्टॅण्डवर बसवेना. सातलाच परत आलो. मिटिंग लवकर आटोपली म्हणालो. शेवंता कुशीवर होती, कपाळ घामानं भिजलेलं. "इतल्या लवकर?" म्हणाली. रागावली की काय, कळलं नाही. वच्छलाबाई काहीतरी बोलणार होत्या, शेवंतानं त्यांच्याकडे बघितलं.

१० डिसेंबर, गुरुवार

आजही सातला आलो. या दिवसांतली एकेक घटका मला हवी आहे. ती मरण दिसतं म्हणते, तर मी तिच्याकडे बघत नाही, भिंतीकडे बघून गोष्टी सांगतो. काल सांगितल्या तेव्हा पदर तोंडात धरून ऐकत होती. हसू आवरत असेल.

१५ डिसेंबर, मंगळवार

शेवंता गेली. संध्याकाळी साडेसहाला. मी स्टॅण्डवर होतो.

२० डिसेंबर, रविवार

जलदानविधी झाला. निंबानं केला. मी पहिल्यांदाच समोर बसून ऐकला. माणसं अंगणात मावत नव्हती. भिका, यशू दोघं आहेत. यशू विचारते, बाबा, तुम्ही त्या वेळी कुठे होता? मिटिंगला, असं सांगितलं. आईसारखंच तिनंही ऐकून घेतलं.

२४ डिसेंबर, गुरुवार

वच्छलाबाई डबा घेऊन आल्या. ठेवला, पण गेल्या नाहीत. उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, वहिनींनी शपथ घातली होती, पण आता सांगते. मरण दिसतं म्हणून नाही पाठवलं त्यांनी तुम्हाला. तुमच्यासमोर त्यांना ओरडता येत नव्हतं. गोळीनं काहीच होत नव्हतं. तुम्ही गेले की तोंडात पदर कोंबून ओरडायच्या, दीड-दीड तास. पावणेआठला म्हणायच्या, बाई, आता माझं तोंड धुऊन दे, केस विंचर, ते येतील. तेवढे दोन तास होते त्यांना."

त्या गेल्या. डबा तसाच आहे.

शेवटचा आठवडाभर मी रोज सातलाच घरी येत होतो.