मी तुला सोडलं तो उपवास

उपवासकाळाचा पाचवा आठवडा, सोमवार, दुपार

प्रिय धाकटे,

प्रभू येशूच्या नावात तुला सलाम. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, तूही खुशाल असशील अशी आशा आहे. हे एवढं सूनबाईने मी तोंड उघडायच्या आधीच लिहून टाकलं. पत्राची सुरुवात अशीच असते म्हणे. तिचा हात माझ्या जिभेच्या पुढे धावतो. या घरात आजवर ते कुणाला जमलं नव्हतं.

अक्षर तिचं असलं तरी बोलणं माझं आहे. तिला बजावलंय, सांगेन ते सगळं लिहायचं, गाळायचं नाही, आणि सुधारायचं तर मुळीच नाही. शाळेच्या फाटकापर्यंत तुझा हात धरून मी यायची, तिथून तू आत जायचीस आणि मी घरी भांडी घासायला. त्यामुळे वाचणारी तू आणि बोलणारी मी, ही आपली वाटणी जुनीच आहे.

तर घरची बातमी. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली, चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला आणि घरात जो तो काहीतरी सोडायला निघाला. माझ्या लेकाने साखर सोडली. आता चहात मध घालतो, तीन चमचे, आणि तोंड असं करतो की क्रूस जणू यानेच उचललाय. नातीने मोबाईल सोडला. स्वतःचा. आईचा वापरते. सूनबाईने राग सोडला. ही बातमी घरभर फुटली आणि तेव्हापासून ओला टॉवेल पलंगावर टाकायची कुणाला भीती म्हणून उरली नाही. बिचारी दात आवळून हसते. आत्ता म्हणाली, ‘आई, हे पण लिहायचं?’ म्हटलं, लिही. आणि रागावायचं असेल तर रागाव, मी फादरना सांगत नाही. रागावली नाही. पण पेन जरा जोरात टेकवतेय, कागदाच्या मागच्या बाजूने हात फिरवलास तर कळेल.

नातीने मला विचारलं, ‘आजी, तू काय सोडलंस?’ म्हटलं, बाई गं, दात मला सोडून गेले, केस सोडून गेले, तुझे आजोबा सोडून गेले. आता माझ्याकडे सोडण्यासारखं राहिलंय काय? ती खो खो हसली. मीही हसले. मग उगाचच उठून खिडकी पुसली.

आता वेदीच्या कापडांविषयी.

सूनबाई विचारते, कसली कापडं. तिला माहीत असायला हवं होतं, पण सासूचं ऐकतंय कोण. अगं, वेदीवरची पांढरी कापडं. वीस वर्षं आम्ही दोघी बहिणी दर शुक्रवारी चर्चच्या मागच्या खोलीत ती धुवायचो, खळ घालायचो, इस्त्री करायचो. हात कापडावर आणि तोंड गावभर. कुणाची सून पळाली, कुणाचा जावई परतला, गायनवृंदातली कोणती बाई नुसतंच तोंड हलवते, सगळं त्या इस्त्रीच्या वाफेत निघायचं. मग आमचं बोलणं बंद पडलं आणि काम वाटून घेतलं. मंगळवारी ती, शुक्रवारी मी.

धाकटे, तू चौपदरी घडी घालतेस आणि मी तिपदरी. कापड मधोमध मोडलं की वेदीवर बरोबर मधे रेघ दिसते, हे मी तुला पहिल्या दिवसापासून सांगत आलेय. तरी दर शुक्रवारी कपाट उघडावं तर कापड चौपदरी. मी ते उलगडायचे, पुन्हा इस्त्री फिरवायचे, तिपदरी करायचे. पुढच्या शुक्रवारी पुन्हा चौपदरी! सहा वर्षं, एकही आठवडा न चुकता. फादर एकदा म्हणाले, ‘आजी, या कापडाला इतक्या रेघा का हो?’ म्हटलं, फादर, म्हातारं झालंय, आपल्यासारखंच.

गेले तीन शुक्रवार कपाट उघडते तर कापड तिपदरी. मी ठेवलं तसंच. कुणी हातही लावलेला नाही.

पहिल्या शुक्रवारी मला वाटलं, आली अक्कल. लेकाला सांगितलंसुद्धा, बघ, शेवटी मावशीने माझी घडी मानली. दुसऱ्या शुक्रवारी जरा चुकल्यासारखं वाटलं. तिसऱ्या शुक्रवारी मी ते कापड हातात घेऊन स्टुलावर बसून राहिले आणि इस्त्री तापून तापून वास सुटला. घंटा वाजवणारा धावत आला. म्हणाला, ‘अहो आजी, चर्च पेटवता की काय?’ आणि मग म्हणाला, ‘तुम्हाला कळलं नाही? धाकट्या आजी जिन्यावरून पडल्या. पाय प्लास्टरमध्ये आहे.’

दोन गल्ल्यांवर माझी बहीण पाय मोडून पडलीय आणि मला घंटावाल्याकडून कळतंय! बरं, चूक त्याची नाही. तुझीही नाही.

सूनबाईने पेन खाली ठेवलंय. म्हणते, ‘आई, मावशींनीच तुमच्याशी अबोला धरला ना? तुम्हीच सांगत होता.’ हो, मीच सांगत होते. या स्वयंपाकघरात बसून सहा वर्षं सांगत होते. पेन उचल म्हटलं. चर्चमध्ये पापाच्या कबुलीला गेलं की जाळीपलीकडे एकटे फादर असतात आणि त्यांना बाहेर बोलता येत नाही. मला मात्र अक्षर येत नाही, म्हणून सुनेसमोर बोलायचं. घे, ऐक तूही.

सहा वर्षांपूर्वी राखेच्या बुधवारी फादर म्हणाले, गोडधोड सोडून काय होतंय, जिभेचं पाप सोडा. मला ते लागलं. घरी येऊन विचार केला की मी चहाड्या करते त्या कुणापाशी? लेकापाशी नाही, तो ऐकत नाही. शेजारणीपाशी नाही, ती पुढे सांगते. एका तुझ्यापाशीच करते. टाळी एका हाताने वाजत नाही, चहाडीही एका तोंडाने होत नाही. मग दुसरा हातच बाजूला काढावा! चाळीस दिवस तुझ्याशी बोलायचं नाही, असं मी देवाला सांगितलं. चहा सोडणं सोपं होतं गं. मला वाटलं, आपण सर्वांत जड तेच सोडतोय, म्हणजे देव सर्वांत खूश.

आणि तुला मी ते सांगितलं नाही. कारण फादर असंही म्हणाले होते की उपवासाचा डांगोरा पिटू नका. मी नाही पिटला. इतका नाही पिटला की ज्या माणसाचा उपवास धरला त्यालाच पत्ता नाही. रविवार उपवासात मोजत नाहीत हे मला ठाऊक होतं, तरी मी रविवारीही बोलले नाही. जास्तीची भक्ती!

सूनबाई हसतेय. हसू दे. पुढचं ऐकल्यावर हसणार नाही.

तू आलीस तो बुधवार होता. दार वाजवलंस. ‘ताई,’ म्हणालीस, ‘ताई, जरा दार उघड, एक काम आहे.’ मी आतच होते. दारापासून दोन हातांवर. तोंडातून ‘आले गं’ निघणारच होतं, म्हणून मी घाईने माळ उचलली आणि मोठ्याने प्रार्थना म्हणायला लागले. तुला ऐकू गेलं असणार. तू पुन्हा हाक मारलीस, मी आवाज चढवला. माळेची पाची दशकं, पन्नासच्या पन्नास मणी, म्हणून होईपर्यंत तू उभी होतीस. फटीखाली तुझ्या चपला दिसत होत्या. शेवटी त्या गेल्या आणि मी देवाचे आभार मानले, मोहातून वाचवलंस म्हणून.

ईस्टरच्या सकाळी मी चाळीस दिवसांचं बोलणं पोटात घेऊन चर्चमधली मिस्सा संपल्यावर तुझ्याकडे धावले. तू माझ्याकडे बघितलंस आणि वळून निघून गेलीस. मला इतका राग आला! उपाशी मी राहिले आणि तोरा हिचा? पंधरा दिवसांनी गायनवृंदातल्या नर्सबाईने सांगितलं. छातीतली गाठ काढायची होती. सोबत कुणीतरी हवं होतं. तू त्या बुधवारी मला न्यायला आली होतीस. दुसऱ्या दिवशी पिशवी भरून तू एकटीच दवाखान्यात गेलीस आणि कागदावर सही पण तुझी तूच केलीस.

गाठ साधी निघाली, देवाची कृपा. माझ्या मनातली नाही निघाली. मला लाज वाटली की राग येतो, तुला माहीतच आहे. ‘चुकलं’ म्हणायला पहिल्या आठवड्यात जमलं नाही, मग महिन्यात नाही, मग तोंडच उरलं नाही. लोकांना सांगत सुटले, धाकटीने अबोला धरलाय. म्हणजे जे पाप सोडायला तुला सोडलं, तेच तुझ्या नावावर करत बसले.

सूनबाईने आत्ता वाचून दाखवलं. तिने मधे कुठेतरी ‘मला क्षमा कर’ असं घातलं होतं. मी ते खोडायला लावलं. क्षमा करायची की नाही ते तुझं तू बघ, मी कशाला सांगू? माझ्या वाटणीचं एवढंच आहे, माझं चुकलं, धाकटे. आता ती नाक ओढतेय आणि म्हणते, सर्दी झालीय. पाच मिनिटांपूर्वी नव्हती.

हे पत्र घंटावाला आणून देईल. उत्तर लिहू नकोस. तू लिहिलंस तरी ते मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागणार, आणि मला तुझा आवाज हवाय, शिव्या असल्या तरी चालतील.

येत्या शुक्रवारी इस्त्री आटपली की मी तुझ्या दारात येते. दोन गल्ल्या आहेत, गुडघे कुरकुरतील, कुरकुरू देत. दार उघडायला उठू नकोस, पायावर जोर देऊ नकोस, आणि शेजारणीलाही उघडायला सांगू नकोस. तू उभी होतीस तेवढा वेळ मी बाहेर उभी राहीन. माळ बरोबर आणतेय. पाची दशकं म्हणेन, हळू आवाजात. आणि मध्येच तू आतून काही बोललीस, काहीही, तर माळ तिथेच सोडून मी ‘आले गं’ म्हणणार आहे. देवाला तसं सांगून ठेवलंय. तो काही बोलला नाही, म्हणजे त्याची हरकत नसावी.

शुक्रवारी तुझ्या दाराबाहेर असेल ती,
तुझी ताई