दाभणानं शिवलेलं नाक

दिवाळीनंतरचा गुरुवार, दिवेलागण

नवी गाडी पाहाले सगळ्यात आधी आली ते सकूबाई, माही नणंद. राह्यते आर्णीले, पन वास तिलेच पहिले लागते! चप्पल काढाच्या आधीच म्हणे, "वैनी, औंदा कापसाले भाव नाही, अन् तुही नात इटलीची गाडी आणते?"

मी म्हटलं, जुनी हाय, म्हणून स्वस्तात भेटली. पन रूप पाहा! पिकल्या मिरचीवानी लाल, नाक कसं पुढं.

त्या नाकाचंच तं झालं. शालू सांगत होती, "आजी, जप, हिचं सामान नागपुरातबी भेटत नाही." अन् काल पूजेत मी नारळ तिच्या नाकावरच फोडला, ट्रॅक्टरवर फोडतो तसा. मले काय मालूम, नाक म्हंजे समोरचा बंपर, तो पलाष्टिकचा! तडकलं. पोरीचं तोंड एवढुसं झालं. मंग मी दाभण तापवलं, भोकं पाडले, अन् कापसाचे पोते शिवतो तसं तारेनं शिवून टाकलं.

सकूबाईनं टाक्यायवरून बोट फिरवलं. "कोन्या मिस्त्रीचं काम हे?"

"आजीचं," शालू म्हणे. कशी ताठ उभी होती!

सकूबाईनं वाकून एकेक टाका मोजला.

जाताना म्हणे, "मंगळवारी घाटंजीच्या बाजाराले मीबी येतो. समोरच्या सीटवर मीच बसीन हो!"