गरम हात

मोठेबाबा,

आज सकाळी रोपवाटिकेत तुम्ही स्वतः संत्र्याची रोपं निवडलीत आणि म्हणालात, "श्रावणच्या हाताले गुण हाय, पोरी. एकही कलम वाया नाही गेली."

मी "हो" म्हटलं. तेव्हापासून चिडचिड होऊन राहिली आहे.

त्या कलमा मी बांधल्या होत्या. माझ्याकडे कलमा बांधणारा श्रावण तिगावला बहिणीकडे लग्नाला गेला आणि तिथंच आजारी पडला. कलमांसाठी कापून ठेवलेल्या काड्या वाळल्या असत्या, म्हणून नाइलाजानं मी चाकू घेतला. लहानपणी माझी कलम वाळली, तेव्हा साऱ्या मजुरांसमोर तुम्ही म्हणाला होतात, "इचा हात गरम हाय, इले झाडाजवळ येऊ देऊ नका." मी शेतीची पदवी घेतली, रामाकोन्यात रोपवाटिका काढली, पण कलम बांधायला नेहमी दुसऱ्याला बोलावलं. पट्टी सैल राहिली की कलम वाळते, हे मी शेतकऱ्यांना शिकवते. स्वतःला पटवू शकले नाही.

श्रावण परतला, रोपं पाहून म्हणाला, "बाई, आता माहं काय काम उरलं?" त्यालाही मी सांगितलं, "नशिबानं लागल्या."

तुमच्यावर राग आहेच. माझ्या त्या "हो"चा जास्त आहे.

हे पत्र पाठवणार नाही. कागदावर बोलणं मला फार सोपं जातं. उद्या रोपं घेऊन मीच तुमच्याकडे सौंसरला येते. खड्ड्यात उतरवायच्या आधी, तुमच्या मजुरांसमोर, कलमा कोणी बांधल्या ते सांगते. मग रोपं नको वाटली तर गाडीत परत भरीन.

तुमची पुतणी,
सुप्रिया