बारा तारखेचा डाग

३ मार्च, सोमवार

आले एकदाची! दोन पिशव्या, एक वळकटी आणि कुरकुरणारे दोन गुडघे घेऊन तीन जिने चढले. आता लेकीकडे कायमचीच राहायला आले आहे. लेक शाळेत शिकवते, जावईबापू छापखान्यात असतात आणि नात दहा वर्षांची. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी बसलेली अजून कुणी पाहिलेली नाही. ही वही जावईबापूंनी दिली. छापखान्यात उरलेल्या कागदांची आहे, पानं लहानमोठी, पण शिवण मजबूत. म्हणाले, आई, दिवसभर एकट्या असाल, मनाला येईल ते लिहीत जा. मी शिकले तिसरीपर्यंत. भिंगरीने पहिली ओळ वाचली आणि विचारलं, आजी, ही अक्षरं आहेत की मुंग्यांनी मोर्चा काढलाय? लबाड कुठली! हसू दे. मला हसणारं माणूस घरात हवंच होतं.

माझ्या खोलीला स्वतःची खिडकी आहे आणि दिव्याचं बटण पलंगावरून हाताला येतं. मी ते उगाच चार वेळा दाबून बघितलं.

५ मार्च, बुधवार

गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तर एक गृहस्थ दुर्बीण सूर्याकडे लावून स्वतः पाठ फिरवून उभे! मला हसूच आवरेना. ते खालच्या मजल्यावर घड्याळं दुरुस्त करतात. माझ्यापेक्षा लहान आहेत, पण सगळे त्यांना घड्याळवाले काका म्हणतात म्हणून मीही तेच म्हणते. ते म्हणाले, आजी, सूर्याकडे सरळ बघायचं नसतं, दुर्बिणीतून तर मुळीच नाही, डोळा जाईल. म्हणून त्यालाच फळीवर उतरवायचं. आणि खरंच, मागच्या पांढऱ्या फळीवर वीतभर रुंदीचा उजेडाचा गोल, त्यात तिळाएवढे चार काळे ठिपके. माश्या बसल्यात समजून मी पदराने हाकलायला गेले. तर ते सूर्यावरचे डाग! एकेक आपल्या पृथ्वीएवढा म्हणे. म्हणजे मी चार पृथ्व्यांना पदर मारत होते. काका इतके हसले की त्यांचा चष्मा पडला.

त्यांचं हौशी लोकांचं मंडळ आहे. काका, निवृत्त पोस्टमास्तर आणि तिसरे कुणी होते ते गाव सोडून गेले. तिसरा हात हवा होता. मी चाळीस वर्षं कापडावर भरतकामाची नक्षी उतरवली आहे, हे सांगितल्यावर काकांनी तिथेच पेन्सिल हातात दिली. रोज सकाळी साडेनऊला फळीवर कागद लावायचा, छापलेल्या वर्तुळात सूर्य नेमका बसवायचा आणि डाग गिरवायचे. सूर्य क्षणभर थांबत नाही, म्हणून डाव्या हाताने दुर्बीण सरकवत राहायचं. डाग डाव्या कडेने येतात, रोज बोटभर पुढे जातात आणि तेरा-चौदा दिवसांनी उजवीकडे दिसेनासे होतात. मला एका खेपेत जमलं. वाकडं असेल तर खोडा म्हटलं, तर काका म्हणाले, हात नाही हो, मशीन आहे!

९ मार्च, रविवार

आज घड्याळाच्या दुकानात मंडळाची बैठक. मंडळ कसलं, साडेतीन माणसं, अर्धी भिंगरी. प्रत्येक जण आपापल्या दुर्बिणीने कागद काढतो (मला गाव सोडून गेलेल्यांची मिळाली) आणि रविवारी तिघांचे कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावतात. उजेडात तिन्ही एकदम दिसतात. एखादा डाग एकाच कागदावर असला तर तो सूर्याचा नव्हे, भिंगावरच्या धुळीचा. त्याच्यावर लाल काट. माझ्या कागदांवर एकही काट पडली नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते.

एकतीस वर्षांत मंडळाचा एकही दिवस रिकामा नाही. ढग असतील तर ‘ढग’ लिहायचं, तीही नोंदच. पण ‘विसरलो’ असं एकदाही नाही. पोस्टमास्तरांनी सांगितलं की लग्नाच्या दिवशी नवरी खोळंबली पण कागद चुकला नाही. काका म्हणाले, म्हणून तर ती अजून बोलत नाही यांच्याशी.

भिंगरी शाळेत सांगून आली आहे की तिची आजी सूर्यावर कामाला आहे. मला सत्तर वर्षांत इतकं कुणी मिरवलं नव्हतं.

१२ मार्च, बुधवार

हे लिहायला लाज वाटते आहे.

आज काका सुटे भाग आणायला बाहेरगावी गेले आणि पोस्टमास्तर दाढ काढायला. काल दोघांनी मला सांगितलं होतं, आजी, उद्याचा दिवस तुमच्या एकटीवर. मी म्हटलं, निर्धास्त जा. आणि सकाळी जिन्यात शेजारीण भेटली. तिच्या नणंदेने घर कसं परस्पर विकलं ते ऐकत बसले. काय रंगवून सांगते बाई! घरी आले तेव्हा बारा वाजून गेले होते. वर धावले, तर आभाळ भरलेलं. ते संध्याकाळपर्यंत उघडलंच नाही. ‘ढग’ लिहिता येईना, साडेनऊला लख्ख ऊन होतं हे सगळ्या गावाने पाहिलेलं. ‘विसरले’ लिहायचं म्हणजे एकतीस वर्षांवर बोळा फिरवायचा, तोही आठवड्यापूर्वी आलेल्या म्हातारीने.

मी खोलीचं दार लावलं. कालचा कागद खिडकीला धरला, त्यावर कोरा ठेवला आणि सगळे डाग बोटभर पुढे सरकवून काढले. नक्षी उतरवतात तशी. मग वाटलं, खऱ्या दिवशी काहीतरी नवं दिसतंच. म्हणून डाव्या कडेला मनाचा एक डाग काढला, घेवड्याच्या दाण्याएवढा. तेवढ्यात दाराची घंटा वाजली, हात हलला आणि दाण्याला खाली शेपूट फुटलं. खोडलं असतं तर घाण दिसली असती. तसंच ठेवलं.

काका परत आले, कागद बघितला आणि म्हणाले, शाबास.

१३ मार्च, गुरुवार

फळीवर सूर्य आला. डावीकडून बोटभर आत, घेवड्याच्या दाण्याएवढा डाग.

आधी वाटलं, सुटले. देवाने झाकलं. चार पावलं नाचलेसुद्धा. मग कागद लावला, पेन्सिल टेकवली आणि बघितलं. त्याला खाली शेपूट आहे. हात हलला होता तिथेच, तेवढंच, तसंच वळलेलं.

भिंग दोनदा पुसलं. फळी पुसली. मग पुसायला काही उरलं नाही.

१६ मार्च, रविवार

काचेला कागद लागले. तेरापासून पुढे तिघांच्याही कागदांवर तो आहे, शेपटीसकट. बाराचा कागद माझा एकटीचा. काकांनी मोठ्या वहीत लिहिलं, प्रथम नोंद, आजी. पोस्टमास्तर उभे राहिले, टाळ्या वाजवल्या. म्हणाले, आम्ही जन्म घालवला आणि मोठा डाग पकडला तो नवख्या आजींनी. भिंगरी माझ्या गळ्यातच पडली.

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. आणि त्यातून निघालं काय, तर चहा गार होतोय.

१८ मार्च, मंगळवार

मला तो गिरवता येत नाही. पेन्सिल त्याच्यापाशी नेली की बोटांना कळतं, हे वळण आपलं आहे.

आज भिंगरी शाळेआधी वर आली. मी तिला म्हटलं, माझी बोटं आखडलीत, आजपासून तू काढ. ती हरखली. एका जागी बसली, जीभ दातांत धरून, अर्धा तास. मी पाठीमागे उभी राहून बघत होते. माझं खोटं मी पोरीच्या हातात दिलं, आणि वर तिला शाबास म्हटलं.

२२ मार्च, शनिवार

तो मध्यावर येऊन थांबला आहे. चार दिवस झाले.

बाकीचे डाग त्याच्या बाजूने पुढे निघून गेले, रस्त्यात उभ्या माणसाला वळसा घालून जावं तसे. काका म्हणतात, असं होऊच शकत नाही, सूर्य फिरतो, त्याच्यावरचं सगळं फिरतं. तीनदा मोजलं त्यांनी. आणि साडेनऊ वाजले की दुकानातला रेडिओ खरखरतो, मग गप्प होतो. सौरज्वाळा, म्हणाले. पण दर दिवशी, आणि ठोक्याला?

तो आता दाण्याएवढा नाही. लिंबाएवढा आहे.

२३ मार्च, रविवार

पोस्टमास्तर भिंतीला हात लावत आले. जिथे बघतील तिथे मधोमध काळा डाग दिसतो म्हणाले. त्याला खाली शेपूट आहे. त्यांनी सूर्याकडे कधीही सरळ पाहिलेलं नाही, फक्त फळीवर, फक्त गिरवलं. काकांनी हळूच सांगितलं, त्यांनाही गुरुवारपासून घड्याळाचं चक्र दिसत नाही, कडेचे दातेच तेवढे दिसतात.

ज्यांनी तो खरा मानून काढला, त्यांना.

माझे डोळे लख्ख आहेत. सुईत दोरा ओवून बघितला. पहिल्या खेपेत गेला.

मी काही बोलले नाही. आजसुद्धा.

२५ मार्च, मंगळवार

भिंगरी मान वाकडी करून बघते. माझ्याकडे बघताना माझ्या कानाकडे बघते. लेकीने विचारलं तेव्हा म्हणाली, आई, सगळ्यांचे चेहरे कुठे गेले?

डॉक्टरांनी तासभर तपासलं. डोळ्यांत काही दोष नाही म्हणे. लेक दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. जावईबापूंनी मलाच धीर दिला. आई, तुम्ही काळजी करू नका. मला! —

उद्या सांगणार. तोंड काळं झालं तरी.

२६ मार्च, बुधवार

सांगितलं. दुकानात, सगळ्यांना बोलावून. लेक, जावईबापू, भिंगरी, सगळ्यांसमोर. शेजारणीच्या नणंदेपासून शेपटीपर्यंत.

काका रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मोठी वही काढली, नाक पानाला लावून ओळ शोधली, माझं नाव खोडलं आणि लिहिलं, ‘पाहिलं नाही.’ एकतीस वर्षं तिथे संपली. मग वही मिटून त्यावर हात ठेवून बसले. पोस्टमास्तर खिडकीकडे तोंड करून उभे होते. लेकीने माझ्याकडे बघितलं नाही.

भिंगरी तेवढी जवळ आली. कानाकडे बघत म्हणाली, आजी, रडू नको.

२७ मार्च, गुरुवार

तो हलला! बोटभर, उजवीकडे!

३० मार्च, रविवार

रोज बोटभर जातोय. शेपूट झिजलं. पोस्टमास्तर आज भिंत सोडून चालत आले. काकांनी एक घड्याळ उघडलं. भिंगरीला माझं नाक दिसलं — तिने बोट लावून दाखवलं, हे नाक. अजून डोळे नाहीत म्हणाली, पण नाक आहे.

माझ्याशी कुणी फारसं बोलत नाही. न बोलू देत. मला चालेल. जन्मभर चालेल. तो कडेला पोचला की झालं. दोन दिवस.

१ एप्रिल, मंगळवार

आज तो जाणार. सकाळपासून ढग. मी नियमाप्रमाणे ‘ढग’ लिहायला खाली कागद आणायला गेले. जिने उतरायला वेळ लागतो —

वर आले तर भिंगरी फळीपाशी. हात काळे. म्हणाली, आजी, ढग होते, म्हणून मी मनानेच काढलं. तू बारा तारखेला काढलंस तसं. काकांनी तुझं नाव खोडलं ना. आता परत लिहावं लागेल. इतका मोठा कुणीच पाहिला नसेल.

सगळं वर्तुळ भरलंय. कडेपासून कडेपर्यंत. पेन्सिल दाबून दाबून. खाली लिहिलंय — प्रथम नोंद, आजी.

खोडतेय. जात नाही. कागद फाटतोय, काळं जात नाही.

भिंगरीला सांगितलं, जा, काकांना बोलाव, म्हणावं वहीत खोडा, हेही खोटं आहे, लवकर —

दहा वाजलेत. ढग सरकलेत, आभाळ मोकळं आहे. तरी ऊन नाही, अंधारून येतंय —

जिन्यावरून ती हाक मारतेय, आजी, दिवा लाव, मला पायरी दिस